काश आणि ऊस

शरद ऋतूचे वर्णन करावयास बसलेल्या संस्कृत कवीचे काशपुष्पांवाचून भागत नाही, हे ज्या वाचकांनी कालिदासाचे ऋतुसंहार चाळले असेल त्यांस सांगावयास नको. पावसाळा सरला, नद्यांचे पाणी निवळले, की काठच्या वाळवंटात हे गवत पुरुषभर उंच उभे राहते आणि त्यावर रुपेरी तुरे डोलू लागतात. कवीच्या दृष्टीस जे शरदाचे भूषण, तेच बुंदेलखंडातील शेतकऱ्याच्या दृष्टीस सावकाराच्या कर्जाहून चिवट असे अरिष्ट. तो त्याला कांस म्हणतो. आणि या दोघांच्याही ध्यानीमनी नसलेली तिसरी गोष्ट अशी की, गेल्या शंभर वर्षांत ज्या कोणी उसाची साखर आपल्या चहात घातली, त्याच्या पेल्यात बहुधा या काशाच्या वंशजाचाच रस उतरला आहे.

आम्ही इतिहासाचे अध्यापक. सूक्ष्मदर्शकाशी आमचा परिचय विद्यार्थिदशेत झाला तेवढाच, व तोही फारसा स्नेहाचा नव्हता. तथापि आपल्याकडील शेतीच्या सुधारणेचा इतिहास ज्या रीतीने सांगितला जातो, ती रीत इतिहासाच्या विद्यार्थ्याला खटकल्यावाचून राहत नाही. सरकारी अहवालांतून उसाची कथा वाचावी, तर ती एखाद्या घराण्याच्या बखरीसारखी वाटते: चांगल्या सोयरिकी तेवढ्या नोंदलेल्या, आणि ज्या आजीकडून घराण्याला बळकट हाडपेर मिळाले ती रानातली होती म्हणून तिचे नाव एका ओळीत उरकलेले. त्या आजीविषयी आज लिहावयाचे आहे.

उसाचे पुराणत्व सांगण्यात आम्ही वाचकांचा वेळ घेणार नाही. मधमाश्यांवाचून मध देणारा बोरू हिंदुस्थानात होतो, असे शिकंदराचा सरदार निआर्कस याने लिहून ठेवले. आणि आपला शर्करा हा शब्द युरोपच्या बहुतेक भाषांनी आपापल्या उच्चाराने उचलला, एवढे सर्वांस ठाऊक आहे. विशेष ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट एवढीच की, ऊस हा एका कुळीचा नव्हे. जाड, मऊ, रसाळ असा जो ऊस आपण दातांनी सोलून खातो त्याचे मूळ न्यूगिनी बेटाकडचे. १९२८ मध्ये ब्रँडिस नामक अमेरिकन शास्त्रज्ञ त्याच्या शोधार्थ चक्क विमानाने त्या बेटाच्या अंतर्भागात उतरला होता. पंजाबापासून बिहारपर्यंत शेकडो वर्षे लावला जात असे तो ऊस निराळा: करंगळीएवढा बारीक, टणक, थंडी व अवर्षण सोसणारा. आणि या दोघांचा रानटी भाऊबंद म्हणजे काश. त्याच्या कांड्यात साखर नाममात्र, परंतु त्याला ना पुराने मरण, ना दुष्काळाने.

ऊस लावणारा शेतकरी बी पेरीत नाही. तो बेणे लावतो. दोन-तीन डोळ्यांची टिपरी जमिनीत दडपली की तिच्यातून आईसारखाच ऊस निघतो. उसाला तुरा आला म्हणजे शेतकऱ्याचे मन खट्टू होते, कारण तुऱ्यामागोमाग उसात दशी पडते आणि रस उतरतो. त्या तुऱ्यात जीव धरू शकणारे बी असेल, ही कल्पना पंडितांसही नव्हती. वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटात १८५८ मध्ये एका मळेवाल्याने उसाची रोपे आपोआप उगवलेली पाहिली होती. पण त्याच्या सांगण्याकडे कोणी लक्ष दिले नाही, आणि आणखी तीस वर्षे जगातला ऊस वांझ म्हणूनच गणला गेला. पुढे १८८८ च्या सुमारास जावात सोल्टवेडेल याने आणि बार्बाडोसात हॅरिसन व बोव्हेल यांनी उसाचे बी उगवते हे निर्विवाद सिद्ध केले. पंडितांच्या दुर्लक्षाने तीस वर्षे वाया जावी, ही गोष्ट आमच्या व्यवसायातील मंडळींनी अधूनमधून आठवीत जावी अशी आहे.

बेण्याच्या लागणीचा एक परिणाम असा की, एका जातीचा सारा ऊस म्हणजे वस्तुतः एकच झाड, हजारो शरीरांत वाटलेले. दख्खनच्या पाटाखाली पूर्वी जो पुंड्या ऊस लाविला जाई, तो मुळा-मुठेकाठी असो की नीरेकाठी, त्याची प्रकृती एकच. अशा पिकावर रोग आला की तो एकाला टाळून दुसऱ्याकडे जात नाही. सरसकट फडच्या फड आडवे होतात. जावात १८८० नंतर नेमके हेच घडले. सेरेह नावाच्या रोगाने तेथील काळा चेरिबोन ऊस खुजा व झुपकेदार करून टाकिला. डच मळेवाल्यांनी डोंगरावर रोगमुक्त बेण्याच्या वाड्या घातल्या, तेथून दरसाल बेणे खाली आणिले, आणि साखरेच्या नफ्यातील मोठा हिस्सा त्या वाहतुकीवर घातला. हा उपाय म्हणजे फुटक्या नावेतील पाणी उपसण्यासारखा होता.

त्याच जावाच्या चेरिबोन भागात डोंगरउतारावर कासूर नावाचा एक अर्धरानटी ऊस आढळला होता. त्याला सेरेह शिवत नसे; पण त्याच्यात साखरही बेताचीच. हा कोणाचा कोण, यावर डच शास्त्रज्ञांत बराच काथ्याकूट झाला. येस्विट याला संशय होता की, हे काळा चेरिबोन व ग्लागा यांचे आपोआप झालेले अपत्य असावे. ग्लागा म्हणजे आपला काशच. जावात त्याला ते नाव. या वादाचा निकाल ब्रेमर याने १९२० नंतरच्या काही वर्षांत गुणसूत्रे मोजून लाविला, आणि तो निकाल एखाद्या वारसाहक्काच्या खटल्याइतका मनोरंजक आहे. काळ्या चेरिबोनाच्या पेशीत गुणसूत्रे ८०, ग्लागाच्या पेशीत ११२. सृष्टीच्या सामान्य नियमाप्रमाणे अपत्यास दोघांकडून निम्मी निम्मी मिळावयाची, म्हणजे ४० आणि ५६ मिळून ९६. कासूरमध्ये मोजली तो ती भरली १३६. याचा अर्थ असा की, बापाकडून नियमाप्रमाणे ५६ आली, परंतु आईने आपली सगळीच्या सगळी ८० अपत्याच्या ओटीत घातली. जाड ऊस आणि काश यांच्या संबंधात आई असा सर्वस्वदानाचा व्यवहार करते, हे कळल्याबरोबर एक गूढ उकलले: संकरानंतर साखर इतक्या लवकर का परत येते याचे कारण हाती आले.

डच लोक जाड उसाला कुलीन ऊस म्हणत, आणि रानटी रक्त मिसळलेल्या संततीचा पुनःपुन्हा कुलीन उसाशी संबंध घडवून आणण्याच्या क्रियेस त्यांनी कुलीनीकरण असे नाव दिले. वनस्पतींच्या जगातही माणसाने आपली जातिव्यवस्था नेलीच, हे पाहून हसू येते. रोगाशी झुंजण्याचे बळ द्यावे अकुलीनाने, आणि क्रियेला नाव मिळावे कुलीनाचे! असो. या कुलीनीकरणाच्या तिसऱ्या पिढीत, १९२१ मध्ये, पासुरुआन येथील प्रयोगशाळेत पी.ओ.जे. २८७८ हा ऊस निपजला. आठ वर्षांच्या आत जावातील बहुतेक सर्व फड त्याने व्यापिले, आणि सेरेह हा शब्द मळेवाल्यांच्या बोलण्यातून नाहीसा झाला.

आता आपल्या देशाकडे वळू. गेल्या शतकाच्या आरंभी गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातील ऊस आतून लाल पडून कुजू लागला. उभा चिरला असता लालीत पांढरे आडवे ठिपके दिसत आणि आंबूस वास येई. मद्रास सरकारचा वनस्पतिशास्त्रज्ञ चार्ल्स आल्फ्रेड बार्बर याने १९०१ मध्ये त्याची पाहणी केली. लगोलग सामलकोट येथे उसाचे प्रयोगक्षेत्र निघाले. पुशाच्या बटलर याने १९०६ मध्ये या रोगाचे जे नाव रूढ केले त्याचे मराठी लाल कूज असे होईल. या रोगाचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. त्याची गाठ पुन्हा पडणार आहे.

त्या काळी जावाची पांढरी साखर आपल्या बंदरांतून गोणीच्या गोणी उतरत होती आणि ज्या भूमीने जगाला शर्करा शब्द दिला तीच शर्करेसाठी परमुखापेक्षी झाली होती. १९१२ मध्ये कोइमतूर येथे ऊस-संकराचे केंद्र स्थापन झाले व बार्बर तेथे आला. कोइमतूरच का, याचे कारण साधे आहे. उत्तरेतील उसाला तुरा क्वचितच येतो आणि आला तरी परागात जीव नसतो. कोइमतूरच्या हवेत ऊस मनमोकळा फुलतो व बी धरतो. पुन्हा भोवतालच्या ओढ्यांत काश भरपूर. बार्बरच्या हाताखाली तिरुवडी संबाशिव वेंकटरामन हे तरुण सहायक होते; बार्बर निवृत्त झाल्यावर केंद्राची धुरा त्यांच्याकडेच आली. वेल्लै नावाच्या दक्षिणी जाड उसाच्या तुऱ्यावर कोइमतूरच्याच काशाचा पराग घालून जी रोपे मिळाली, त्यांतील एक निवडून १९१८ मध्ये को. २०५ या नावाने पंजाबात देण्यात आले. तेथील जुन्या कठा उसाच्या मानाने त्याचे उत्पन्न दीडपटीपर्यंत भरले. काश व ऊस यांचा माणसाने हेतुपूर्वक घडविलेला आणि शेतकऱ्याच्या शेतात टिकलेला हा पहिला संकर होय.

एका ओळीत सांगितलेल्या या कामामागील कष्ट मात्र ओळीत मावणारे नाहीत. उसाचे फूल राळ्याच्या दाण्याहून लहान. एका तुऱ्यात ती हजारोंनी. ज्याचा पराग निर्जीव तो तुरा आई म्हणून वापरावयाचा, कारण त्याच्यात आपल्याच परागाने बी धरण्याचे भय नाही. हे ओळखण्यासाठी पराग आयोडीनमध्ये बुडवून त्यात पिष्ट आहे की नाही ते पाहावयाचे. मग कापसासारख्या भुरभुरीत बियाची रोपे कुंड्यांत वाढवावयाची, हजारो रोपांतून शेकडो ठेवावयाची, शेकड्यांतून दहा, आणि कित्येकदा त्या दहांतून एकही नाही. वेंकटरामन यांनी हे तप वर्षानुवर्षे केले. त्यांनी उसाचा ज्वारीशी, इतकेच काय पण वेळूशीही संकर करून पाहिला. १९३७ च्या हैदराबाद येथील सायन्स काँग्रेसचे अध्यक्षस्थान त्यांस मिळाले, तेव्हा त्यांनी भाषणाचा विषय ऊस न घेता हिंदुस्थानचे खेडे हा घेतला. आम्हांस त्यांच्या सर्व पदव्यांहून ही गोष्ट अधिक बोलकी वाटते. पुढे को. २८१, को. २९० हे ऊस लुइझियाना व दक्षिण आफ्रिका येथवर पोहोचले. १९३२ मध्ये परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसली आणि तीस-बत्तीस कारखान्यांचे पाच वर्षांत सव्वाशेवर कारखाने झाले. जकातीचे श्रेय राजकारणी पुरुषांस सर्वत्र दिले जाते. परंतु त्या कारखान्यांच्या चरकात घालावयास ऊस नसता तर जकात काय करती?

आमच्या दख्खनात ही लाट थोडी उशिरा आली. पुंड्यावर आमच्या शेतकऱ्याचे प्रेम होते, आणि ते अकारण नव्हते. त्याचा गूळ रवाळ, रंगाने सोन्यासारखा. पण त्याला पाणी व खत पाजता पाजता कुणब्याची कंबर मोडे. मांजरीच्या सरकारी शेतावर त्याचे प्रयोग पुष्कळ झाले, आणि १९३२ मध्ये नीरेच्या पाटाखाली पाडेगाव येथे ऊस-संशोधन केंद्र निघाले. पी.ओ.जे. २८७८ इकडे आला, आणि त्यामागून त्याचीच कन्या म्हणावी असा को. ४१९, ज्याचा बाप को. २९०. चाळीसच्या दशकात को. ४१९ ने पुंड्याला फडांतून हुसकले. म्हणजे जावाच्या डोंगरउतारावरील ग्लागाचे रक्त कासूरमार्गे आमच्या नीरा-प्रवरेच्या काठी पोहोचले ते असे. पुढील सहकारी कारखान्यांच्या वैभवाची हकीकत सर्वश्रुत आहे. तिच्यात या वंशावळीचा उल्लेख आम्ही अद्याप ऐकलेला नाही. को. ४१९ नंतर को. ७४० आला, आणि चालू शतकात को. ८६०३२ ने महाराष्ट्र व्यापिला.

कोइमतूरच्या इतिहासात एक व्यक्ती अशी आहे की, तिच्यापाशी थांबल्यावाचून पुढे जाववत नाही. तेल्लिचेरी येथे १८९७ मध्ये जन्मलेल्या जानकी अम्मल या मिशिगन विद्यापीठाची डॉक्टर पदवी १९३१ मध्ये घेऊन आल्या व १९३४ मध्ये कोइमतूरच्या केंद्रात दाखल झाल्या. उसाच्या व काशाच्या पेशींतील गुणसूत्रे मोजण्याचे काम त्यांचे. उसाचा मक्याशी झालेला संकर त्यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध केला. स्त्री, अविवाहित, आणि त्या काळच्या समजुतीने खालच्या मानलेल्या तिय्या ज्ञातीतील. त्यांचा तेथील काळ एकाकीपणाचा गेला असे त्यांच्या चरित्रकारांनी लिहिले आहे. १९३९ मध्ये एडिंबरोच्या परिषदेस त्या गेल्या, युद्ध पेटले, आणि त्या इंग्लंडातच राहिल्या. लागवडीतील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा जो कोश त्यांनी डार्लिंग्टन यांच्यासमवेत १९४५ मध्ये प्रसिद्ध केला, तो दीर्घकाळ शास्त्रज्ञांच्या मेजावर होता. १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या बोलावण्यावरून त्या स्वदेशी परतल्या व वनस्पती सर्वेक्षण खात्याची पुनर्रचना त्यांच्याकडे सोपविण्यात आली. ज्या बाईने रानगवताच्या पेशीत डोकावून त्याचे मोल पाहिले, तिने उतारवयात केरळातील सायलेंट व्हॅलीचे अरण्य वाचविणाऱ्यांच्या बाजूने उभे राहावे, यात आम्हांस एक सरळ धागा दिसतो.

आता ज्या प्रसंगासाठी आम्ही लेखणी उचलली तो प्रसंग. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशात धान्याची विवंचना होती. बुंदेलखंड, भोपाळ, मध्य भारत या भागांतील लक्षावधी एकर काळी जमीन कांसाने गिळली होती. या गवताची मुळे हातदोनहात खोल जातात. दुष्काळाने वा धामधुमीने नांगर दोन वर्षे थांबला की कांस शेतात शिरतो, आणि मग बैलांच्या नांगराला दाद देत नाही. गावे उठून गेल्याच्या कथा जमाबंदीच्या जुन्या दप्तरांतून आहेत. सागर-झाशीकडे मराठी कुटुंबे पेशवाईपासून नांदत आहेत. त्यांतील एका वृद्ध स्नेह्यांनी आम्हांस सांगितले की, त्यांच्या लहानपणी कोणाचे वाटोळे झाले तर ‘घरात कांस उगवला’ असे म्हणत. तेव्हा सरकारने केंद्रीय ट्रॅक्टर संघटना उभी केली, आणि १९४९ च्या सप्टेंबरात जागतिक बँकेकडून एक कोटी डॉलरांचे कर्ज मंजूर करून घेतले. हे कर्ज मुख्यतः एका गवताच्या निर्मूलनासाठी होते.

त्याच सुमारास त्याच सरकारच्या पैशाने कोइमतूरची मंडळी देशभर हिंडून तेच गवत गोळा करीत होती. हिमालयाच्या पायथ्यापासून दक्षिणेच्या टोकापर्यंत नदीनाल्यांतून काशाचे नमुने खणून आणावयाचे, त्यांवर ठिकाणाची नोंद करावयाची, आणि कोइमतूरच्या वाफ्यांत ते लावावयाचे, अशी ती मोहीम. एका खात्याचा माणूस मुळी उपटतो, दुसऱ्या खात्याचा त्याच मुळीला कुंडीत लावतो! वाचक म्हणतील, हा सरकारी कारभाराचा नेहमीचाच नमुना. आम्हांस तसे वाटत नाही. बुंदेलखंडातील कुणब्याचे दुःख खोटे नव्हते. त्याच्या पोराबाळांना गहू हवा होता, गुणसूत्रे नव्हेत. ट्रॅक्टर धाडणाऱ्यांनी अपराध केला असे म्हणणे हा अन्याय होईल. पण दोन्ही खात्यांपैकी एकानेही दुसऱ्याचे नाव आपल्या अहवालात काढू नये, हे मात्र विलक्षणच. निदान आमच्या वाचनात तसा उल्लेख आलेला नाही. त्या संग्रहातून काय निघाले ते पंजे आणि बाबू यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केले: एकाच नावाच्या या गवतात कोठे ४० गुणसूत्रे, तर कोठे १२८. म्हणजे ज्याला आपण एक गवत म्हणून जाळतो ते एक नव्हेच. सागरचा कांस गेला तर कोइमतूरचा काश त्याची जागा भरून काढील, या समजुतीला त्यामुळे आधार उरत नाही.

ही चिंता केवळ पुस्तकी नाही. आज जगात लागणीखाली असलेल्या उसात रानटी काशाचा वाटा दहा-वीस टक्क्यांचाच, आणि तोही मूळ संकरांत वापरल्या गेलेल्या बोटांवर मोजण्याजोग्या झाडांकडून आलेला. कन्नूर येथे १९६१ पासून जगातील उसांचा मोठा संग्रह जतन केला आहे; पण संग्रहातून फडापर्यंतची वाट दहा-बारा वर्षांची, आणि रोगाची वाट एका पावसाळ्याची. उत्तर प्रदेशात २००९ नंतर को. ०२३८ या उसाने अक्षरशः क्रांती केली. साखरेचा उतारा वाढला, शेतकऱ्याच्या हाती पैसा आला, आणि होता होता त्या प्रांतातील चार-पंचमांशाहून अधिक ऊस या एकाच जातीचा झाला. मग गेल्या काही वर्षांत ऊस आतून लाल पडू लागला. चिरून पाहावा तर लालीत पांढरे आडवे ठिपके, आणि तोच आंबूस वास. गोदावरीवर बार्बरने १९०१ मध्ये पाहिलेली ती लाल कूजच. आता तेथे को. ०२३८ काढून दुसऱ्या जाती लावण्याचा उपदेश चालू आहे. आमच्याकडे को. ८६०३२ वर २००२ मध्ये सांगलीकडून लोकरी मावा पसरला, तेव्हाची धावपळ कित्येकांच्या स्मरणात असेल. तो मित्रकीटकांच्या साहाय्याने आवरला म्हणून निभावले.

दोन वर्षांमागे दिवाळीच्या सुटीत आम्ही नीरेकाठच्या एका परिचिताच्या मळ्यात गेलो होतो. उसाला तुरे आले होते आणि ओढ्याच्या कडेला काश फुलला होता. दोघांमध्ये बांधाएवढेच अंतर. तुरे शेजारी शेजारी पाहिले असता नात्याविषयी कोणाच्या साक्षीची गरज राहत नाही. रंग तोच, ठेवण तीच, वाऱ्याबरोबर वाकण्याची तऱ्हाही तीच. आम्ही मोठ्या उत्साहाने ही सोयरीक मळेवाल्यांस समजावून सांगितली. त्यांनी सौजन्याने ऐकून घेतले, काशाचा एक तुरा मोडून हातात फिरविला आणि म्हणाले, “असेल हो प्रोफेसरसाहेब, आजा असेल त्याचा. पण ह्याला दरसाल शिमग्याच्या अगोदर पेटवावं लागतं. नाही तर बांध ओलांडून आत येतो.”

“आणि जाळून मरतो का?” आम्ही विचारले.

“छे! पावसाला पुन्हा हजर.”